रूफिनोच्या ग्लायडरची चमक

रंग पांढरा असावा, यावरून आमच्या घरात कधीच भांडण झालं नाही. गडद रंग दिला तर जानेवारीत, म्हणजे आमच्या भर उन्हाळ्यात, लाकूड तापतं, चिकटवलेले सांधे सैल पडतात आणि माणूस वर आकाशात असताना पंख आपापल्या वाटेनं निघून जातात. एवढं मला कळतं. भांडण होतं ते चमकीवरून. मला ग्लायडर चकचकीत हवा होता, नव्या बाथटबसारखा. माझ्या नवऱ्याला, रूफिनोला, तो मॅट हवा होता. मॅट म्हणजे बिनचमकीचा, तापातून उठलेल्या माणसाच्या तोंडासारखा.

हा ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, रूफिनोनं आमच्या मागच्या शेडमध्ये स्वतःच्या हातानं बांधला. पहिली फळी कापली तेव्हा आमच्या मुलीचं, मिर्ताचं, नुकतंच लग्न झालं होतं. आता मिर्ताचा मुलगा दाढी करतो. मधल्या काळात माझ्या शेडमध्ये धान्याचं पोतं गेलं नाही, माझी सायकल गेली नाही, माझा नवरा तेवढा गेला, तो जेवायलाच बाहेर यायचा. लोक विचारायचे, "नेलीदाबाई, तुमचे यजमान काय करतात?" मी म्हणायची, "पंखांच्या फासळ्या चिकटवतात."

माझी नणंद फिलोमेना एकदा शेडमध्ये डोकावली, सगळीकडून नीट बघितलं आणि म्हणाली, "कपाट छान झालंय रे रूफिनो. दारं कधी बसवणार?" तेव्हाच मी ठरवलं की हे कपाट एक दिवस असं लखलखलं पाहिजे, की बाईला डोळ्यांवर हात धरायला लागला पाहिजे.

पण वेळ उरला नव्हता. शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरनं रूफिनोला स्पष्ट सांगितलं होतं, "या उन्हाळ्यापुरती उडायची परवानगी देतो. पुढच्या वर्षी आलात तर कॉफी पाजीन, सही देणार नाही." आणि तपासणीचा इंजिनियर आमच्या गावच्या ग्लायडर क्लबात नाताळच्या आधी एकदा येतो, मग थेट पानगळीत. तो बिनरंगाच्या विमानाला हातसुद्धा लावत नाही, कारण पंखावरचं कापड उन्हानं कुजतं. म्हणजे नाताळच्या आधी रंग झाला तर रूफिनो आपल्या ग्लायडरमधून उडणार. नाही झाला, तर तो आयुष्यभर खाली उभा राहून दुसऱ्या कुणालातरी त्यातून उडताना बघणार. इतकं साधं होतं.

आणि तरी आम्ही चमकीवरून भांडत होतो.

आमचा जावई अदेमार गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो. त्यानं एका रविवारी दोन फळ्या रंगवून आणल्या, एक चकचकीत, एक मॅट. जेवणाच्या टेबलावर राव्हिओलीच्या भांड्याला टेकवून उभ्या केल्या. फिलोमेनानं चकचकीत फळीत बघून केस नीट केले.

"बघा," अदेमार म्हणाला, "सासूबाई, यात तुमचा मोत्याचा कानातला दिसतोय."

"विमान आहे ते, आरसा नाही," रूफिनो म्हणाला.

"सासरेबुवा, गुळगुळीत असलं की हवा सुळकन सरकते."

"हवेनं सांगितलं तुला?"

"मॅटवर बोटाचा डाग पडला तर पुसता येत नाही."

"विमानाला बोटं लावायची नसतातच."

"रूफिनो," मी म्हटलं, "इतकी वर्षं माझी शेड घेतलीस. त्या बदल्यात जरा चमक दे."

"म्हातारे, मॅटला एक भारदस्तपणा असतो."

"भारदस्तपणा पोपला असतो. तू राव्हिओली खा."

फिलोमेना म्हणाली, "मला वाटतं फिका गुलाबी द्यावा." तिच्याकडं कुणी बघितलं नाही.

खरं कारण मला त्याच संध्याकाळी कळलं. अदेमारनं शेडमध्ये एक दिवा जमिनीलगत आडवा धरला आणि त्याचा उजेड पंखावरून सरपटत जाऊ दिला. गाडीचा पत्रा तो असाच तपासतो. पंख आडवे दोन लाकडी घोड्यांवर ठेवलेले, एक दारापाशी, एक आत भिंतीपाशी. वरून बघितलं की गुळगुळीत. पण त्या आडव्या उजेडात काय सांगू! टेंगळं, खळगे, लाटा. मिर्ताच्या मुलाला कांजिण्या आल्या होत्या तेव्हा त्याची पाठ अशी दिसत होती.

"हे सगळं मॅटमध्ये झाकलं जाईल," अदेमार हळूच म्हणाला. "चकचकीतमध्ये क्लबाच्या फाटकापासून दिसेल."

रूफिनोनं दिवा बंद केला आणि आत निघून गेला. मिष्टान्नाला थांबला नाही. दुधाचा गोड खवा घातलेलं पॅनकेक होतं! माझा नवरा ते सोडून गेला म्हणजे दुखणं मोठं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं घासायला घेतलं. काचपेपर घेऊन सकाळी, दुपारी, संध्याकाळी. खळग्यांत लांबी भरायचा, घासायचा, दिवा धरायचा, उसासा टाकायचा, पुन्हा लांबी भरायचा. एक टेंगूळ घालवलं की शेजारी खळगा पडे. खळगा भरला की टेंगूळ. दुपारच्या झोपेच्या वेळीसुद्धा घासायचा. आमच्या गावात दुपारी कुत्रं भुंकत नाही, आणि हा खर्र खर्र खर्र. शेजारच्या सेगुंदीनोनं भिंतीवरून चप्पल फेकली. रूफिनोनं ती परत फेकली आणि घासत राहिला.

अदेमार मला म्हणाला, "सासूबाई, ते असंच करत राहिले तर पंखाची कणसाची साल होईल. आणि इंजिनियर येत्या रविवारी येतोय."

मी शेडमध्ये गेले आणि त्याच्या हातातून काचपेपर काढून घेतला.

"म्हाताऱ्या, तुला उडायचंय की घासायचंय?"

"अजून थोडं राहिलंय."

"तुझं थोडं मिर्ताच्या लग्नापासून चालू आहे."

तो पंखाच्या कडेवर टेकला. डोळ्यांत भुकटी गेलेली, भुवया पांढऱ्या झालेल्या.

"तुला माहीत नाही तिथं काय असतं," तो म्हणाला. "क्लबातले सगळे येतात आणि आल्या आल्या पंखावरून तळवा फिरवतात. डोळे मिटून. कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना कळतं. त्यांची विमानं कारखान्यातली. त्यात टेंगूळ निघालं तर कारखान्याला शिव्या. यातलं टेंगूळ माझं, नेलीदा. त्याच्यावर माझं नाव आहे."

"मी तुझ्याशी लग्न केलं तेव्हा तुझ्या नाकावर केवढं टेंगूळ होतं! मी काय दिवा लावून बघत बसले?"

"नाक उडवायचं नव्हतं."

"शनिवारी रंग होणार," मी म्हटलं. "चकचकीत. ज्याला तळवा फिरवायचाय त्यानं फिरवावा, आणि मग घरी जाऊन स्वतःच्या हातानं साधा बाक बांधून दाखवावा. संपलं."

त्यानं भुवयांवरची भुकटी पुसली. मग म्हणाला, "तुझ्याशी वाद घालण्यापेक्षा इंजिनियर परवडला." म्हणजे हो.

शनिवारी सकाळीच अदेमार कॉम्प्रेसर आणि फवाऱ्याची बंदूक घेऊन आला. जमीन पाण्यानं भिजवली, धूळ बसवली, शेडची दोन्ही दारं सताड उघडली, कारण त्या रंगाचा वास बंद खोलीत माणसाला आडवा करतो. पहिला हात झाला. दुसरा झाला. दुपारी शेवटचा. मी दारातून बघितलं. दोन पंख आणि ते लांबट अंग, सगळं ओलं, पांढरं, चमकतंय. टेंगळं दिसत होती, हो. पण चंद्रावरपण दिसतात, आणि तो कुणी मॅट करून मागत नाही.

"फिलोमेनाला बोलाव," मी रूफिनोला म्हटलं. "आणि काळा चष्मा आणायला सांग."

आता, आमच्याकडं घराचा स्लॅब टाकला की त्याच दिवशी, त्याच जागी, काम करणाऱ्यांना मांस भाजून घालतात. उद्यावर ढकललं तर छप्पर गळतं म्हणतात. रंगालाही तेच लागू, असं अदेमारचं म्हणणं पडलं. "सासूबाई, शेवटचा हात झाला, आता बरगड्या कुठंयत?" त्याचं बरोबर होतं. दिवसभर राबलेल्या माणसाला चीज-पाव देऊन घरी पाठवणाऱ्यांतली मी नव्हे. मी अंगणात लाकडं रचली, शेडपासून लांब, वारा उत्तरेचा होता म्हणून शेडच्या दक्षिणेला. धूर मक्याच्या शेतात जात होता. विस्तव मी पेटवला, हे सगळ्या गावाला माहीत आहे, आणि तो मी उत्तम पेटवला.

बरगड्या निम्म्या भाजल्या, आणि वारा थांबला. पान हललं नाही. सेगुंदीनोच्या कोंबड्या एकदम आत पळाल्या.

"ए," रूफिनो दक्षिणेकडं बघत म्हणाला, "ते काय येतंय?"

दक्षिणेचा वारा आला. आमच्या सपाट मुलखात त्याला अडवायला एक टेकाडसुद्धा नाही. तो आला आणि त्यानं माझ्या विस्तवाचा सगळा धूर कान धरून शेडच्या दाराकडं वळवला.

"दारं!" अदेमार ओरडला.

"दारं लावली तर रंग वाळणार नाही!" रूफिनो ओरडला.

"विस्तव विझवा!" हे फिलोमेना.

मी म्हटलं, "पाणी नको, वाळू टाक." मी हे म्हटलं. तीन जणांनी ऐकलं. पण फिलोमेनानं कपडे भिजवलेली बादली उचलली आणि पूर्णच्या पूर्ण निखाऱ्यांवर ओतली.

जे उठलं त्याला धूर म्हणता येणार नाही. राख, वाफ, चरबी आणि माझ्या दोन बरगड्यांची चव असा एक करडा ढग उठला, जरा थांबला, जणू पत्ता विचारतोय, आणि शेडमध्ये शिरला.

ढग बाहेर पडला तेव्हा आम्ही आत गेलो. आतल्या भिंतीपाशी होता तो उजवा पंख जसाच्या तसा, आरशासारखा. ग्लायडरच्या अंगालाही काही झालं नव्हतं. दारापाशी होता तो डावा पंख मात्र टोकापासून टोकापर्यंत राखेनं माखला होता. ओल्या रंगात राख अशी बसली होती की जणू कुणी चाळणीनं भुरभुरवलीय. मध्यावर एक डास पाय वर करून चिकटला होता. तळाशी एक चरबीचा थेंब चमकत होता; त्या बाजूला चमकणारं तेवढंच.

अदेमारनं टोपी काढली. खरंच काढली.

"माझ्या धंद्यात," तो म्हणाला, "असं कधी झालं नाही."

"तुझ्या धंद्यात फिलोमेना नाही," मी म्हटलं.

"मी आग विझवली!" फिलोमेना म्हणाली. "सगळं जळालं असतं!"

"काय जळालं असतं? बरगड्या? त्या त्याचसाठी ठेवल्या होत्या!"

"रंग किती उरलाय?" रूफिनोनं विचारलं.

अदेमारनं डबा उलटा केला. काही पडलं नाही. गावात शनिवारी दुपारी दुकान उघडं मिळणार नाही, आणि मिळालं तरी त्या डब्याचा रंग शहरातून मागवावा लागतो. इंजिनियर उद्या सकाळी. रूफिनो एका पेटीवर बसला. मला वाटलं आता हा रडणार, आणि मी रुमाल शोधायला लागले, माझ्यासाठी की त्याच्यासाठी ते नक्की नव्हतं. तर हा माणूस हसायला लागला. पोट धरून. पेटीवरून पडायला आला.

"म्हातारे," तो म्हणाला, "डावा पंख मॅट झाला."

पहाटे रंग कडक झाल्यावर रूफिनो आणि अदेमारनं मिळून डावा पंख बारीक ओल्या काचपेपरनं घासला. राख निघाली, डास निघाला, चरबी निघाली. निघाली नाही ती फक्त चमक, कारण ती उरलीच नव्हती. अदेमार म्हणाला, उजवाही घासून सारखे करू. मी उजव्या पंखापुढं उभी राहिले आणि म्हटलं, आधी मला घास. मग तो विषय राहिला.

क्लबाच्या मैदानावर पंख जोडले आणि सगळे गोल करून उभे राहिले. एक बाजू आरसा, एक बाजू खडू. तेवढ्यात इंजिनियर बार्रागान आले, हातात माते, म्हणजे आमच्याकडचा कडू पानांचा चहा, त्यातली धातूची नळी दातांत धरलेली. ते एक पूर्ण फेरी मारून आले. मग दुसरी.

"दोन वेगवेगळ्या विमानांचे पंख आहेत का हे?"

रूफिनोनं तोंड उघडलं. तो खरं सांगणार होता, त्याला तीच खोड आहे. मी पुढं झाले.

"प्रयोग आहे, इंजिनियर. एक बाजू अशी, एक तशी. कुठली बरी ते कळावं म्हणून."

"कुणाची कल्पना?"

"घरात चर्चा झाली," मी म्हटलं. फिलोमेनाला खोकला आला.

इंजिनियरनं मान डोलावली. डाव्या पंखावरून तळवा फिरवला, डोळे मिटून. "छान घासलंय." मग उजव्याकडं गेले, खाली बसले, उन्हाच्या रेषेत डोळा लावला. मी रूफिनोचा हात धरला.

"इकडं लाटा आहेत," इंजिनियर म्हणाले.

"आहेत," रूफिनो म्हणाला.

"लाकडी पंखाला असतातच. नसत्या तर मी विचारलं असतं, कुठून विकत आणला." त्यांनी नळीनं एक घोट ओढला. मग सगळे सांधे ओढून बघितले, सुकाणू हलवून बघितलं, ग्लायडर वजनकाट्यावर चढवला, आत शिरून काय काय ठोकलं. शेवटी घोटभर माते रूफिनोपुढं धरला. "जा, उडवा. परत आलात की सही करतो. आणि कुठल्या बाजूला ओढतो ते सांगा, मलापण उत्सुकता आहे."

ग्लायडरला वर ओढून नेणाऱ्या इंजिनाच्या विमानानं दोरी ताणली. ग्लायडर डुगडुगला, धावला, आणि गवतापासून सुटला. वर गेल्यावर त्यानं दोरी सोडली आणि गोल फिरायला लागला. त्या दिवशी आभाळ पांढुरकं होतं, ताकासारखं. आणि त्या आभाळात आम्हांला काय दिसावं? उजवा पंख. एकटा. लख्ख चमकायचा, विझायचा, पुन्हा चमकायचा. डावा पंख आभाळात असा विरघळला होता की शोधून सापडेना.

"अरे देवा," फिलोमेना छातीवर क्रूस काढत म्हणाली, "एक पंख पडला की काय!"

"गप्प बस," मी म्हटलं. पण मीही पंख मोजले. पुन्हा मोजले.

फिलोमेना एकटीच नव्हती. पलीकडच्या शेतावरच्या कुणीतरी बंबवाल्यांना फोन केला की एका पंखाचं विमान गोल गोल फिरत खाली येतंय. आमचे बंबवाले म्हणजे खाटीक, न्हावी आणि शाळेचा शिपाई. पगार नाही, पण हौस फार. रूफिनो उतरायच्या आधी घंटा वाजवत लाल गाडी मैदानात शिरली, आणि तिघं पाण्याची नळी ओढत धावत सुटले. रूफिनो त्यांच्या समोरच उतरला, इतका अलगद की गवत जेमतेम वाकलं. काच उघडून त्यानं डोकं बाहेर काढलं.

"काय जळतंय?" त्यानं विचारलं.

"तू!" खाटीक म्हणाला. दोन्ही पंख बघून तो जरा नाराजच झाला.

पण नव्या विमानाचं पहिलं उड्डाण झालं की आमच्या क्लबात चालकाला बादलीभर पाण्यानं न्हाऊ घालतात. बादली भरलेली तयार होती. खाटीक बादलीकडं बघतो, नळीकडं बघतो. "आलोच आहोत तर," तो म्हणाला. माझ्या नवऱ्याला त्यांनी नळीच्या झोतानं गवतावरून पार कुंपणापर्यंत वाहवत नेलं. इंजिनियरनं सही करायचा कागद डोक्यावर धरला आणि गाडीआड पळाले, आणि तिथंच बॉनेटवर सही केली.

रूफिनो चिखलातून उठला. मिशीतून पाणी गळत होतं. सरळ माझ्याकडं आला.

"खालून टेंगळं दिसत होती का गं?"

"पंखच दिसत नव्हता, टेंगळं कुठली दिसतायत!"

"कुठल्याच बाजूला ओढत नाही तो," तो म्हणाला. "सरळ जातो, नेलीदा. हात सोडले तरी सरळ जातो."

मग त्याला पुन्हा उडायचं होतं. मी म्हटलं आधी कपडे बदल, खिमा भरलेल्या एम्पानादा गरम आहेत, खाऊन घे. तो म्हणाला, खाल्लं की वजन वाढतं, आणि ऊन उतरलं की वर नेणारी गरम हवा राहत नाही. ओल्या विजारीनंच आत जाऊन बसला. ग्लायडरला चाक एकच, त्यामुळं निघताना कुणीतरी एका पंखाचं टोक हातात धरून त्याच्याबरोबर धावावं लागतं, नाहीतर तो कलंडून पडतो. सगळे एम्पानादांकडं गेले होते. मीच गेले.

अदेमार तोंडात घास घेऊन ओरडला, "सासूबाई, तुमचा पंख पलीकडं आहे!"

मी मॅट पंखाचं टोक धरलं. चकचकीतवर बोटांचे डाग लगेच दिसतात. दोरी ताणली गेली, रूफिनोनं हात वर केला, आणि मी धावले.